भालाफेक आवडतेच, पण स्टीपलचेसही बघा!

तुमच्या लेखात भालाफेकीवर भरभरून लिहिलंय, सगळं पटलं. पण मला विचाराल तर मैदानी स्पर्धांत ३००० मीटर स्टीपलचेससारखं, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीसारखं, बघण्यासारखं काही नाही. २८ अडथळे, शिवाय ७ वेळा पाण्यावरची उडी. पाण्याच्या उडीत अडथळ्याला लागून पाणी खोल असतं, पुढे तळ वर चढत जातो. उडी जितकी लांब तितके पाय कमी बुडतात. शेवटच्या फेऱ्यांत दमलेली धावपटू अडथळ्याजवळच खोल पाण्यात पडते, पाण्यातून पाय ओढत निघते. माझे डोळे तिथेच खिळलेले असतात.

आम्हा सातारकरांना ही गोडी लावली ललिता बाबरनं. माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी! २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. मग फायनलला दहावी. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिक फायनल गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय महिला. दहावी म्हणून कुणी नाक मुरडलं की मला आजही वाईट वाटतं.

आणि हो, माणला लागूनच सांगलीचं आटपाडी. तिथल्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. पुढचा लेख त्याच्यावर येऊ द्या.