‘सहा महिने कार्डाचे पैसे भरू नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

क्रेडिट कार्डाचे तीन चतुर्थांश कर्ज माफ करून देण्याचे आश्वासन देणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो माझ्या मेहुण्याकडे आला आणि हाती पगार असतानाही त्याने या महिन्याची किमान देय रक्कम भरली नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे : तडजोड, म्हणजे देण्यापेक्षा कमी रक्कम घेऊन कर्ज मिटवणे, हा रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला दिलेला हक्क आहे, सहा महिने एक पैसाही भरू नका आणि फोन उचलू नका, म्हणजे बँक आपणहून पंचवीस टक्क्यांवर येईल, ३० टक्क्यांवरचे व्याज बेकायदेशीर असल्यामुळे ती न्यायालयात जायला घाबरते, तुरुंगाचा प्रश्नच येत नाही, बारा महिन्यांत सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा पतअहवाल, कोरे होते, आणि हे सारे आमची संस्था आगाऊ शुल्क घेऊन करून देईल.

हक्काच्या मुद्द्यासाठी संदेशात रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाचा हवाला दिला आहे. हवाला देणाऱ्याने ते परिपत्रक वाचलेले दिसत नाही. तडजोडीविषयी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण प्रत्येक बँकेकडे असावे आणि कोणत्या अटींवर किती सूट द्यायची, ती कोणी मंजूर करायची, हे त्यात ठरलेले असावे, असे ते बँकांना सांगते. त्यावरून गदारोळ झाला तेव्हा त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने प्रश्नोत्तरे प्रसिद्ध करून स्पष्ट केले की, तडजोड कर्जदाराला हक्क म्हणून मागता येत नाही. ती करायची की नाही, हे बँकेने आपल्या व्यावसायिक निर्णयबुद्धीने ठरवायचे आहे. ज्या कागदाच्या आधारावर हा संदेश उभा आहे, तो कागदच त्याच्या विरोधात जातो.

सर्वांत घातक सल्ला पैसे थांबवण्याचा आहे, कारण त्याचे नुकसान पहिल्याच महिन्यापासून सुरू होते. एक लाख रुपयांची थकबाकी आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये, असे ४,१३० रुपये होतात. चक्रवाढ बाजूला ठेवली तरी सहा महिन्यांत २४,७८० रुपये वाढतात आणि विलंब शुल्क त्याहून वेगळे. पुढे बँकेने सूट दिलीच, तरी ती बहुधा या फुगलेल्या आकड्यावर मोजलेली असते, हे संदेश लिहिणारा सांगत नाही. देय तारीख उलटून तीन दिवस गेले की थकबाकीची नोंद पतअहवालात जाऊ शकते आणि किमान रक्कम नव्वद दिवसांत भरली नाही, तर खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते, म्हणजे बँक ते थकीत कर्जात मोजते. पगार त्याच बँकेत जमा होत असेल, तर त्या खात्यातील रक्कम अडकवण्याची किंवा वळती करून घेण्याची मुभा बँकेने कार्डाच्या करारातच बहुधा घेऊन ठेवलेली असते. फोन न उचलण्याचा सल्ला तर निव्वळ मूर्खपणाचा आहे. थकबाकीचे हप्ते बांधून कमी व्याजदर मिळवण्याची सोय साधारणपणे खाते नियमित असतानाच मिळते आणि ती फोनवरच मागायची असते. गप्प बसणाऱ्याचे प्रकरण मात्र लवकरच बाहेरच्या वसुली एजंटाकडे सोपवले जाते.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. कार्डाचे कर्ज विनातारण असते, त्यामुळे खाते अनुत्पादक होऊन जुने झाले की बँका एकरकमी कमी पैसे घेऊन प्रकरण मिटवतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले आणि त्याची कागदपत्रे आहेत, शिवाय नातेवाइकांकडून का होईना एकरकमी पैसा उभा करता येतो, अशा माणसासाठी तो मार्ग आहे. ज्याचा पगार चालू आहे आणि गाडीचा हप्ता वेळेवर जातो आहे, त्याची अडचण खोटी आहे, हे बँकेला पतअहवालात सरळ दिसते. वसुली एजंटांना अवेळी फोन करून जाच करता येत नाही, असेही संदेशात म्हटले आहे आणि ते चूक नाही : सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

व्याजाचा मुद्दा जुना आणि निकालात निघालेला आहे. ३० टक्क्यांवरचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते खरे, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तुरुंगाविषयी बोलायचे, तर निव्वळ थकबाकी ही दिवाणी बाब आहे. मात्र तडजोडीपोटी दिलेला धनादेश किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद कायद्यात आहे.

‘बारा महिन्यांत सिबिल कोरे’ ही समजूत कुठून आली असावी, याचा अंदाज करता येतो. तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने किमान बारा महिने नवे कर्ज देऊ नये, अशी अट उपरोक्त परिपत्रकात शेतीखेरीजच्या कर्जांसाठी आहे. ती बंदीची मुदत आहे, नोंद पुसण्याची नव्हे. अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढची कित्येक वर्षे गृहकर्ज देणारा प्रत्येक जण तो वाचतो.

राहता राहिली ती आगाऊ शुल्क घेणारी संस्था. कर्जमाफीची प्रमाणपत्रे देतो, असे सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी जाहीरपणे सावध केले होते. बँकेशी बोलणी करण्याचा असा कोणताही खास परवाना या मंडळींकडे नसतो; जो अर्ज ते करतात, तोच कार्डधारक स्वतः बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला फुकट करू शकतो आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही शुल्काशिवाय जाऊ शकतो. तडजोड ठरलीच, तर बँकेच्या लेटरहेडवर कार्डखात्याचा क्रमांक, अंतिम रक्कम, भरण्याची तारीख आणि त्यानंतर काहीही देणे उरणार नाही हे वाक्य, एवढे हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, आणि तो रुपयासुद्धा एजंटाच्या खात्यात न टाकता थेट कार्डखात्यातच भरावा.