सीची हद्द, डीला रस्ता नाही

पंधरा रुपये भरून गावच्या जमिनीचा डिजिटल सातबारा काढला आणि तो उतरवून घ्यायला गेलो, तर संगणक म्हणतो, जागा नाही. जेमतेम दोन पानांचा कागद! सव्वा एकर जमीन आहे, पण तिचा उतारा ठेवायला माझ्याकडे बोटभर जागा नाही. पैसे मात्र तत्परतेने कापले गेले होते.

सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. तिच्याखाली डी ड्राइव्ह ओसाड, आत 'न्यू फोल्डर' नावाचं एकच फोल्डर आणि तेही रिकामं. १२८ जीबीच्या एसएसडीचे, म्हणजे सगळं साठवणाऱ्या डिस्कचे, हे दोन भाग दुकानदाराने मशीन देतानाच पाडले होते. सीला ४०, बाकी डीला. "डेटा सेफ राहतो साहेब," असं म्हणाला होता. डेटा सेफच आहे. आत जाईल तेव्हा ना!

नेमके त्याच वेळी समोरचे काका वायफायचा पासवर्ड विचारायला आले. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर बांधावर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्लेला माणूस. संगणकातलं त्यांना काही कळत नाही, पण पडद्यावर आडव्या पट्ट्या आणि आकडे दिसल्यावर ते पासवर्ड विसरले आणि खुर्ची ओढून बसले.

"एकूण क्षेत्र किती?"

"१२८ जीबी."

"दोन्हींची बेरीज तर ११९ सुद्धा होत नाही. बाकीचं कुणी खाल्लं?"

मी समजावलं, की डिस्क बनवणारे जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून मोजते. काकांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे प्लॉटवाल्यांचा गुंठा! अरे, खरा गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. १०८९ चौरस फूट. हे लोक हजाराला गुंठा म्हणून विकतात आणि वर पेढे देतात. बरं, हे तुकडे कुणी पाडले?"

"दुकानदाराने."

"तुझी संमती?"

मला कुणी विचारलंच नव्हतं.

"या राज्यात १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे," काका म्हणाले. आवाज असा, की मला वाटलं आता पंचनाम्याला निघतात.

मी डिस्क क्लीनअप चालवलं. तात्पुरत्या फाइली, थंबनेल वगैरे मिळून काही एमबी निघाले. "पालापाचोळा," काकांनी शेरा मारला. मग जुन्या विंडोजचं फोल्डर दिसलं. मोठ्या अपडेटनंतर ते दहा दिवस राहतं आणि मग आपोआप जातं, असं मी सांगितलं.

"आपोआप? लेखी घेतलंयस का? दहा दिवस म्हणून राहिलेली कुळं मी पाहिली आहेत."

आमच्या हिचा चहा आला. काकांनी तो बशीत ओतला आणि बशी थेट कीबोर्डवर धरून विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवलं. हा कोण एवढा जमीनदार? मला त्या वेळी फक्त बशी दिसत होती. तरी सांगितलं, की हा दिसतो तेवढा मोठा नाही. त्यातल्या बऱ्याच फाइली दुसऱ्या फोल्डरमध्येही दिसतात, डिस्कवर मात्र एकदाच असतात, आणि आकार मोजताना त्या दोन्हीकडे धरल्या जातात.

"एकच गट, दोन उतारे!" काका इतके खूश झाले, की बशी हिंदकळली. स्पेसबार अजून चिकटतो.

एक गोष्ट मात्र खरोखर डोक्यात जाते. ब्राउझर असो, चॅट असो, मीटिंगचं ॲप असो, प्रत्येकजण न विचारता सीमध्येच पथारी पसरतो, अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरच्या एका कोपऱ्यात, तोही मुळात लपवलेला. शेजारी पाऊणशे जीबी मोकळे पडलेत, तिकडे जायचं नाव कुणी काढत नाही. आणि जागा संपली की मलाच उपदेश, क्लाउड घ्या, दरमहा भाडं भरा. माझ्याच घरात मला अडगळ करून वर भाडं मागायचं, याला काय म्हणावं?

काकांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "ए आणि बी कुठे आहेत?" त्या अक्षरांवर फ्लॉपी असायच्या, १.४४ एमबीच्या. त्या जाऊन जमाना झाला, पण हार्ड डिस्कचा नंबर अजून सीपासूनच लागतो. "वारसनोंद झाली नाही," काका पुटपुटले.

शेवटी मी डी पुसूनच टाकला. म्हटलं, ती जागा सीला जोडू आणि मोकळे होऊ. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, सीवर उजवं बटण दाबलं, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम', म्हणजे हद्द वाढवायचा पर्याय, फिकट. दाबलं जात नाही. सी आणि त्या मोकळ्या जागेच्या मधोमध रिकव्हरीची, म्हणजे विंडोज बिघडली तर दुरुस्तीसाठी राखलेली, पाचेकशे एमबीची चिंचोळी पट्टी. तिला अक्षर नाही, ती नेहमीच्या खिडकीत दिसतही नाही.

"लगत पाहिजे," काका उभे राहून म्हणाले. "मध्ये तिसऱ्याचा गट आहे. एकत्रीकरण होणार नाही."

ती पट्टी सरकवणारी सॉफ्टवेअर मिळतात, असं मी म्हणालो.

"खासगी मोजणी? टिकत नाही."

काका गेले. पासवर्ड न घेताच. मग मी हायबरनेशन, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून संगणक झोपवायची सोय, बंद केलं. त्याची फाइल साधारण रॅमच्या चाळीस टक्के जागा अडवते. माझी रॅम ८ जीबीची, म्हणजे तीन जीबीहून जास्त जागा सुटली. सातबारा उतरला. रात्री अपडेट आलं आणि सकाळी पट्टी पुन्हा लाल.

संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका सांगत होते, तुमच्याकडे वाटणीवरून काहीतरी चाललंय म्हणे. भावाभावांतच ना हो?"

"हो," मी म्हणालो. "मधला अडवून बसलाय."