आमचं घर तसं नाही हो!

लेकीला बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते. मुलाचे मामा म्हणे निम्मं बोलणं इंग्रजीतच करतात. म्हणून ‘आमच्या घरात फार बंधनं नाहीत’ हे तरी इंग्रजी वळणानं टाकावं, असं मी ठरवलं. ‘घर मोकळं आहे’ म्हटलं की आमच्या सांगलीत लोक भाडं विचारतात, आणि ‘फ्री’ म्हणावं तर फुकट.

“पप्पा, रिस्ट्रिक्टिव्ह नाही म्हणा की,” लेक म्हणाली.

“रिस्ट्रिक्टेड का नको?”

“आयर्विन पुलावर अवजड गाड्यांना बंदी आहे ना? तो ट्रक रिस्ट्रिक्टेड आणि ती बंदी रिस्ट्रिक्टिव्ह.”

१९२९ सालच्या पुलानं या वयात मला व्याकरण शिकवलं. पण समजणं वेगळं आणि उच्चारणं वेगळं. एका शब्दात तीन जोडाक्षरं! तीन दिवस कृष्णेच्या घाटावर फिरत घोकलं, तरी जीभ ‘डिस्ट्रिक्ट’वरच जाऊन बसायची. लेकीनं डिक्शनरी काढली. रिस्ट्रिक्ट, डिस्ट्रिक्ट, स्ट्रिक्ट ही सगळी लॅटिनमधल्या ‘आवळणे’ अशा अर्थाच्या एकाच मुळाची भावंडं निघाली. माझ्या तोंडात मात्र ती एकत्र नांदेनात.

पाहुणे आले. भडंगाच्या बश्या फिरल्या. मामांनी विचारलंच, “घरातलं ॲटमॉस्फिअर कसं आहे?”

छाती पुढं काढून मी म्हणालो, “अजिबात डिस्ट्रक्टिव्ह नाही.”

भडंगाची कुरकुर थांबली. मामांची नजर सरळ कपाटाच्या फुटक्या काचेवर. (ती २०१९च्या महापुरात सामान माळ्यावर चढवताना फुटली होती. पण ते तेव्हा सांगणार कसं?)

“म्हणजे तसं नाही,” मी सावरायला गेलो, “डिस्ट्रिक्टिव्ह... आपलं ते...”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. तोही नेमका तेव्हाच.

शेवटी लेकच म्हणाली, “पप्पांना म्हणायचंय, आमच्याकडं कुणाला कोंडून ठेवत नाहीत. ठेवलं तरी उपयोग नाही. १९४३ला वसंतदादा आमच्या सांगलीच्या तुरुंगातूनसुद्धा निसटले होते.”

मुलगा पहिल्यांदाच मान वर करून हसला. मामांनी भडंग परत मागितलं.

निघताना मामा चपला शोधत माझ्या कानाशी आले. “कोणता शब्द म्हणायचा होता, ते कळलं मला. माझ्याही जिभेला तो झेपत नाही. ऑफिसात मी ‘स्ट्रिक्ट’वरच भागवतो. घरी सांगू नका.”