माझी गाडी रांगेत शेवटी आहे, आणि ते बरोबरच आहे

"स्टॉर्म कधी येणार?" हल्ली भेटेल तो हेच विचारतो. आमच्या अपार्टमेंटचा वॉचमनसुद्धा. स्टॉर्म म्हणजे मिस्त्रींकडे दुरुस्तीला पडलेली माझी गाडी. सगळ्यांना इथेच एकदा उत्तर देतो : माहीत नाही. मिस्त्रींनी तारीख दिलेली नाही आणि मी मागितलेली नाही. यावरून ग्रुपवर बरीच टिंगल चालली आहे, म्हणून जरा सविस्तर.

सॅन स्टॉर्म ही गोव्यात बनलेली दोन सीटची, टप उघडणारी गाडी. इंजिन रेनोचं, १,१४९ सीसी, ताकद जेमतेम ६० हॉर्सपॉवर. सिग्नलवरून आजची साधी हॅचबॅकही हिला आरामात मागे टाकते. पण बॉडी फायबरची, वजनाला हलकी, बसायची जागा इतकी खाली की एसटीचं चाक खिडकीशी येतं. टप उघडा टाकून राधानगरीच्या रस्त्याला लागलात की ६० हॉर्सपॉवरचा हिशोब कोण करतो! आता ही बनत नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर वगैरे विषयच नाही.

फोंडा घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. लगेच बंद केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ऑइलची काडी काढली तर तिच्यावर दुधाळ फेस. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, उडालं; पाणी ऑइलमध्ये.

आधी गाडी गेली एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. एसी वेटिंग रूम, कॉफी, दोन पानी एस्टिमेट. सल्ला असा, की हे इंजिन काढा, दुसऱ्या गाडीचं बसवून देतो. दोन पानांत सगळं होतं, फक्त गाडी मुळात का तापली ते नव्हतं.

आमचे मिस्त्री कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरात. त्यांनी एस्टिमेट वाचलंच नाही. "गॅस्केट उडालं हे ल्हान पोरगं बी सांगंल दादा. पंखा का फिरला न्हाई ते बघूया की आधी." पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या थर्मोस्विचची दोन टोकं एकमेकांना जोडली. पंखा गप्प. मग पंख्याच्या काळ्या वायरला बॅटरीच्या निगेटिव्हवरून सरळ तार दिली, तसा तो गरागरा फिरायला लागला. म्हणजे मोटर चांगली, अर्थिंग (करंट बॅटरीकडे परत जायची वाट) गेलेलं. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते, कुठेही बोल्ट मारा, चालतं. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे हिच्यात प्रत्येक गोष्टीची अर्थची वायर चॅसीपर्यंत, म्हणजे खालच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, न्यावी लागते. मिस्त्री ती वायर बोटानं चाचपत खाली गेले. बॅटरीच्या ट्रेखालचा नट सैल केला, तर वायरच्या टोकाचं, गंजून हिरवंगार पडलेलं थिंबल तुटून त्यांच्या तळहातावर आलं. नवं इंजिन बसवलं असतं तरी पुढच्या घाटात तेही उकळलं असतं!

हेड उतरवलं. त्यावर पट्टी आडवी ठेवून मिस्त्रींनी फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातळ पान खालून सरकवून मला दाखवलं. मधोमध पान सहज आत जात होतं. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की असंच वाकतं. फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, दोन गल्ल्या सोडून झालं. हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओला होतं, त्यामुळे गॅस्केट तिकडून मागवता आलं. (काच फुटली असती तर मात्र देव जाणे.) सगळं सामान येऊन पडलंय. हेड वर्तमानपत्रात गुंडाळून मिस्त्रींच्या कपाटात आहे.

मग अडलंय कुठे? गळीत हंगाम सुरू आहे. दारात ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर उभे आहेत, कुणाचा क्लच गेलाय, कुणाचा हायड्रॉलिक. ट्रॅक्टर थांबला की ऊसतोडीची टोळी बसून राहते, तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजन घटतं. माझी गाडी थांबल्यानं माझा रविवार जातो, बस्स. मित्र म्हणतात, चार पैसे जास्त टाक आणि नंबर वर घे. समजा मिस्त्रींनी घेतला. जो माणूस पैशासाठी एखाद्याचा ट्रॅक्टर मागे ठेवतो, तो उद्या माझ्या हेडचे बोल्ट टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) न लावता अंदाजानं आवळणार नाही कशावरून? माझा विश्वास नेमका त्यांच्या या आडमुठेपणावर आहे.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच आहे. कंपन्यांनी मॅन्युअल आणि सुटे भाग द्यायलाच हवेत. पण बनायची थांबलेल्या गाडीचं मॅन्युअल मागायचं कुणाकडे? तिथे उद्यमनगरासारख्या गल्ल्याच कामाला येतात. आणि मिस्त्रींचा मुलगा आयटीआय करून चाकणला नोकरीला लागलाय. त्याला तरी काय बोलणार, पगार वेळेवर आणि हात काळे नाहीत. आपण सगळे बिल देताना 'जास्त झालं हो मिस्त्री' म्हणून शेवटचे दोनशे कापून देतो, ते तरी थांबवूया.

बाकी, 'विकतोस का' असे मेसेज तीन-चार जणांनी केलेत. नाही विकत. कुणाकडे स्टॉर्मच्या टपाचं रबर बीडिंग पडून असेल तर मात्र जरूर इनबॉक्स करा, पावसाळ्यात डावीकडून पाणी येतं.