एक स्कूटर, सात कर्मचारी

आमच्या गावाला समुद्र नाही, हे आमच्या नगरपालिकेला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. सांगली जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठावरचं गाव. नाव सांगत नाही, कारण घरपट्टीच्या उताऱ्यावर माझं नाव लागायचं अजून बाकी आहे. सातारकरांनी राजवाड्यासमोर समुद्रावाचून चौपाटी चालवून दाखवली, मग आपल्याकडं तर निदान नदी आहे, असा विचार सभागृहात झाला आणि आमच्या घाटाची चौपाटी झाली.

चौपाटी म्हटली की पार्किंग आलं. पार्किंग कसं असतं ते बघायला पदाधिकारी आणि अधिकारी मिळून कोकणात अभ्यास दौऱ्यावर गेले. पार्किंग आमच्या एसटी स्टँडमागंही आहे, पण त्याच्या शेजारी सुरमई मिळत नाही. दौऱ्याचा अहवाल कोणी वाचला नाही. फोटो मात्र सगळ्या गावानं पाहिले. बांधकाम विभाग गुडघाभर पाण्यात, अर्ध्या चड्डीत. या अभ्यासाचं फळ म्हणून घाटावर एक उंच लोखंडी खुर्ची आली. किनाऱ्यावर जीवरक्षक बसतो, तसली. आमच्या खुर्चीवर जीवरक्षक नाही, कारण पालिकेच्या आकृतीबंधात ते पदच मंजूर नाही. खुर्ची मंजूर होती.

मी संध्याकाळी तिथं वारा आणि भडंग खायला जातो. पूर्वी उंबराखाली स्कूटर लावायची, हँडल लॉक करायचं, संपलं. आता उंबर पार्किंगच्या हद्दीत गेलाय.

फाटकाशी पहिला माणूस हात आडवा करतो. तो पावती देत नाही, पावती कुठं मिळते ते बोटानं दाखवतो. केबिनमधल्या पोराकडं पावतीचं मशीन आहे, पण मशीनला कागदाचा रोल नाही. म्हणून तो पावतीबुकात गाडीचा नंबर लिहितो, सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालावं तसा. मशीन वापरत नसले तरी चार्ज करावं लागतं, नाहीतर बॅटरी जाते. त्यासाठी शेजारी स्टुलावर तिसरा बसलेला असतो. दहा रुपये देऊन पावती घेतली की चार पावलांवर चौथा ती अर्धी फाडून घेतो. पाचव्याकडं शिट्टी आहे. मोकळ्या मैदानात माझी एकटीच स्कूटर असली तरी तो 'डावीकडं घ्या, अजून डावीकडं' अशी शिट्टी मारत राहतो. सहावा फाटकाचा. फाटक ऑटोमॅटिक आहे, म्हणून ते हातानं उचलावं लागतं. सातवे सुपरवायझर. ते या सहा जणांकडं बघतात.

भडंग चघळता चघळता मी एकदा हिशोब मांडला. माणशी रोज चारशे रुपये धरा, सात माणसांचे अठ्ठावीसशे. दहा रुपयांनी दोनशे ऐंशी दुचाक्या आल्या, तर नुसती मजुरी निघते. जागा आहे साठ गाड्यांची, तीही दाटीवाटीनं. म्हणजे सगळं पार्किंग दिवसातून जवळजवळ पाचदा भरून रिकामं व्हायला हवं. गावानं पाच वेळा भडंग खाल्लं तर पालिका ना नफा ना तोटा अशी येईल. आणि हा नुसता मजुरीचा आकडा. मधे ठेकेदार असतो, त्यालाही लेकरंबाळं आहेत.

ही सात माणसं कुठून आली, हा प्रश्न गावात कोणी विचारत नाही, कारण उत्तर प्रत्येकाच्या नात्यात आहे. कायम भरतीला आकृतीबंध आडवा येतो, शासनाची मंजुरी लागते. ठेकेदारामार्फत माणूस घ्यायला काहीच आडवं येत नाही. त्यामुळं एका प्रभागाचा एक, असं करत सात झाले. मधे निवडणुका रखडल्या, नगरसेवक माजी झाले, प्रशासक आले. भाचे होते तिथंच राहिले.

एवढं मनुष्यबळ असून घाटावरच्या शौचालयाला माणूस नाही. शौचालय बांधलंय, टाइल्स देखण्या आहेत, दारावरचं कुलूपही भारीतलं आहे. पौर्णिमेला औदुंबरहून परतणाऱ्या बायाबापड्या विचारायला येतात, तेव्हा पहिला माणूस बोटानं दुसऱ्याकडं, दुसरा तिसऱ्याकडं, असं करत त्या सुपरवायझरपर्यंत पोचतात. ते सांगतात, "त्ये आरोग्य खात्याकडं हाय, मावशी. आमचं निस्तं पार्किंग."

परवा मी निघायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. फाटक उचलणारा गडी मेहुण्याच्या साखरपुड्याला गेलेला. बाकी सहा जण फाटकाकडं बघत उभे. मी म्हटलं, "उचला की कुणीतरी."

"त्ये आमच्याकडं न्हाई, काका," शिट्टीवाला म्हणाला. "उद्या दांडी मोडली तर?"

खरं तर अडायचं कारण नव्हतं. फाटकाला दोन खांब आहेत आणि खांबांच्या दोन्ही अंगांना काहीच नाही, कारण कंपाउंड दुसऱ्या टप्प्यात आहे. शेळ्या तिथूनच येतात-जातात. मीही स्कूटर ढकलत खांबाच्या बाजूनं बाहेर काढली. मागं शिट्टीचा असा कल्लोळ उठला की नदीतल्या होडीवाल्यानं वल्हं थांबवलं.

सुपरवायझर धावत आले. "काका, बाजूनं गेलासा तर नोंद हुत न्हाई. नोंद न्हाई म्हंजे रजिस्टरला गाडी आतच ऱ्हाती. उद्या तुम्ही परत आलासा, तर तुमच्या दोन गाड्या हुत्यात बगा."

"मग उत्पन्न दुप्पट दिसेल की."

त्यांनी थोडा विचार केला आणि मला जाऊ दिलं.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. २००५ चा कायदा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. मुदत संपता संपता उत्तर आलं, 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' हवी तर समक्ष येऊन पाहावी, प्रतींना पानाला २ रुपये. मास्तर चष्मा पुसून गेले. तिथं त्यांना कळलं की पार्किंग नावाचा खर्चच पालिकेत नाही. पेव्हर ब्लॉक बांधकाम विभागात, हायमास्टचा दिवा विद्युत विभागात, अभ्यास दौरा प्रशिक्षणात आणि ती उंच खुर्ची फर्निचरमध्ये. पार्किंगची जमा तेवढी एका जागी, 'संकीर्ण' या सदरात. (हायमास्ट दिवसा पेटतो. रात्री तो विश्रांती घेतो, हे अहवालात नव्हतं, मी सांगतोय.) पेव्हर ब्लॉक तर दरवर्षी मार्चअखेरीला निघतात आणि तेच पुन्हा बसतात. फरक एवढाच, की आधी लाल-पिवळे असतात, नंतर पिवळे-लाल.

एवढं करून हे पार्किंग नदीच्या निळ्या रेषेच्या आत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती रेषा, पण आमच्या घाटाला एवढी वाट बघावी लागत नाही. कोयना १०५ टीएमसीचं धरण. ते भरत आलं, दरवाजे उचलले, की आमच्या भागात रामराम नमस्कार बंद होतात आणि माणसं भेटल्यावर एवढंच विचारतात, "आयर्विनला किती?" सांगलीचा हा पूल १९२९ चा. तिथं ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या पार्किंगला असल्या आकड्यांची गरजच नाही, ते धोक्याच्या कितीतरी आधी बुडून मोकळं होतं.

गेल्या खेपेला फायबरची केबिन दरफलकासकट वाहून गेली. आयर्विनखालून ती म्हैसाळकडं गेली असणार. 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव, अशी मोठी अक्षरं होती, त्यातलं बदाम तेवढं उरलं. सात जण मात्र रोज येत होते. पाण्याच्या वर, मारुतीच्या देवळात बसून हजेरी लावत होते. शिट्टीवाला अधूनमधून पाण्याकडं बघून शिट्टी मारायचा. पाणी डावीकडं गेलं नाही. पूर ओसरल्यावर गाळ काढायचं टेंडर निघालं, केबिनचं निघालं, आणि मास्तरांनी मला बोटाला धरून तक्रार अर्जावर सही करायला लावली. अर्जाचा मजकूर एका ओळीचा होता, 'वाहनतळावर गरजेपेक्षा जास्त कर्मचारी आहेत, तरी चौकशी व्हावी.'

अर्जाची दखल इतक्या तत्परतेनं घेतली गेली की मास्तर हबकले. आठवड्याच्या आतच सुपरवायझर मला घाटावर भेटले, चहा सांगितला आणि खुर्ची जवळ ओढली.

"काका, तुमच्या अर्जावर वरनं शेरा आलाय. इथं माणसं किती हाईत, कोण काय करतंय, ह्ये रोज मोजून रजिस्टरला मांडायचं. त्याला एक माणूस लागतोय. तुमच्याकडं कोण बसून हाय का? शिकलेला असला तर बरं, आकडे लिहायचं काम हाय."

मी काही बोललो नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, जरा रागानंच.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वन्संच्या पोराचं नाव दिलंत का नाही?"