शंभरातली एक पेशी

विषय निघाला शुगरच्या इंजेक्शनावरून. हे इंजेक्शन आतड्यातल्या हार्मोनची नक्कल असतंय, असं मेडिकलवाला बोलून गेला होता. परभणीतला कट्टा, संध्याकाळची वेळ.

"हार्मोन गळ्यातल्या गाठीचं असतंय," तात्यांनी सुरुवातच आडवी केली. "आतड्यात कसलं आलंय हार्मोन?"

"तात्या, हार्मोन हा शब्दच आतड्यापायी आलाय," मास्तर म्हणाले. "१९०२ला लंडनात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या नसा तोडून आत आम्ल सोडलं. तरी स्वादुपिंडातून रस सुटला. निरोप रक्तातून गेला होता. तो निरोप म्हणजे सिक्रेटिन. हार्मोन हे नाव स्टार्लिंगनं १९०५ला दिलं. असलं हार्मोन सोडणारी पेशी आतड्याच्या अस्तरात शंभरात एखादीच."

"एकीनं काय उजेड पडायलाय?"

"न्यूरोजेनिन-३ हा जीन बिघडलेल्या बाळात ह्या पेशी जवळपास नसतातच. बाकी अस्तर दिसायला धड, पण दूध पाजलं की जुलाब. शिरेतून पोषण द्यावं लागतंय."

तात्या जरा गप्प. मग, "असं हाय तर भाकर खाऊन ह्या पेशींकडूनच हार्मोन घ्यावं, इंजेक्शन कशाला?"

"तसं नाही जमत," मेडिकलवाला म्हणाला. "अंगातलं जीएलपी-१, म्हणजे आतड्यातलं ते हार्मोन, दोनेक मिनिटांत निम्मं होतंय, इंजेक्शनातल्या सेमाग्लुटाइडला आठवडा लागतोय. म्हणून आठवड्याला एकदा ०.२५ मिलिग्रॅम, असे चार आठवडे, मग ०.५. घाईनं डोस वाढवला की जठर रिकामं व्हायला उशीर, मळमळ, उलटी."

"भाकरीचं काम निराळं," मास्तर. "कोंडा न पचता मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट करतात. त्यावर अस्तराच्या पेशी पोसतात आणि जीएलपी-१ सोडणाऱ्या एल-पेशींना इशाराही मिळतो. त्याच एल-पेशी जीएलपी-२ हे दुसरं हार्मोनही सोडतात, त्यानं अस्तर वाढतंय. अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतंय, मागणी कायमची. ज्वारीची रात्रीची भाकर आणखी बरी, थंड झाली की थोडा स्टार्च न पचणारा होतो. पीठ बारीक चाळणीनं चाळलं की कोंडा गेला. आणि मैद्यावरून एकदम तीन भाकरींवर जाऊ नका, पोट फुगतंय. हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या."

"आणि उलटीची गोळी?" तात्यांनी मेडिकलवाल्याकडं मोहरा वळवला.

"ऑन्डनसेट्रॉन? सेरोटोनिन हे निरोप नेणारं रसायन. अंगातलं नव्वद टक्क्यांच्या वर आतड्यात असतंय, तेही ह्याच जातीच्या पेशींचं. रोटाव्हायरस हा जुलाबाचा विषाणू आत शिरला की त्या ते सोडतात, ते मेंदूकडं जाणारी नस चाळवतंय, उलटी होते. गोळी तो निरोप अडवती."

"अन् आतडं हलवायलाही तेच लागतंय?"

"हाव."

"म्हणून लेका त्या गोळीनं परसाकडं होत नाही!"