मातीतून वीज

माझं काम सांगायला सोपं. जमिनीत एक मीटर खोल लोखंडी पाईप, भोवती काळी माती, तिच्यावर मुरूम, वर डांबर. वरून 400 मेगाहर्ट्‌झची लहर सोडायची आणि परत काय येतं ते गणिताने काढायचं. हे सगळं कॉम्प्युटरवरच.

आई रोज फोनवर विचारते, "सापडला का रे पाईप?"

"अगं, पाईप मीच पुरलाय."

"मग शोधतोस कशाला?"

पीएचडीच्या कमिटीनेही इतका नेमका प्रश्न अजून विचारलेला नाही.

घोळ सगळा थरांचा. पाईप मोकळ्या हवेत असता तर ग्रीन फंक्शन, म्हणजे एका बिंदूतून निघालेली लहर दुसऱ्या बिंदूवर कशी पोचते ते सांगणारं सूत्र, एका ओळीत मावलं असतं. थर आले की सोमरफेल्ड इंटिग्रल आलं, म्हणजे अनंतापर्यंत चालणारी बेरीज. आर्नोल्ड सोमरफेल्ड या जर्मन गृहस्थांनी 1909 साली ते मांडलं. "निघतो हं" म्हणत चपला घालून तासभर दारात बोलणारा पाहुणा असतो ना, तसं ते हेलकावे खात राहतं, संपता संपत नाही. आणि पाहुणा एकच नाही. ओल्या मातीत लहरीची लांबी आखडून 15 सेंटिमीटर होते, म्हणून पाईपचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे. माझे अननोन्स, म्हणजे शोधायचे अज्ञात आकडे, झाले 20 हजार. प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात, 40 कोटी नोंदी, 6.4 जीबी. लॅपटॉप 8 जीबीचा. तो चालू असताना रूममेट त्यावर मोजे वाळवतो.

गेल्या महिन्यात एकदाचं उत्तर आलं. एक वॅट आत, दीड वॅट बाहेर! सरांनी आलेख पाहून चष्मा काढला. "वा! काळ्या मातीत आता वीजही पिकते. वीज मंडळाला कळव."

सहा दिवसांनी चोर सापडला. लहरीच्या घातांकात भौतिकशास्त्रवाले काळापुढे उणे चिन्ह लिहितात, इंजिनिअर अधिक. दोन्ही बरोबर, फक्त दोघांना एका घरात नांदवायचं नाही. मी ग्रीन फंक्शन एका पुस्तकातून उचललं होतं आणि मातीची परमिटिव्हिटी, म्हणजे माती विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देते तो आकडा, दुसऱ्यातून. त्यामुळे ऊर्जा गिळायची ती माती ओकत होती.

चिन्ह बदललं. माती गिळू लागली. पावसाळ्यातली चिकट काळी माती भरली तर इतकी गिळू लागली, की पाईपचा मागमूस उरला नाही. रात्रभराच्या आकडेमोडीनंतर आलेखावर एक सरळ रेघ.

सरांनी रेघेवरून बोट फिरवलं. "हं, आता बरोबर आलं."

संध्याकाळी आईचा फोन आला. मी उचलला नाही.